दांडपट्ट्याला किती गुण?

माझा भाचा मित्रांबरोबर फाशांवर लढाया खेळतो. कागदावर योद्धे, प्रत्येकाला शस्त्र, शस्त्राला गुण. परवा विचारू लागला, "मामू, दांडपट्ट्याला किती देऊ?" दहापैकी १० दिले होते त्याने. मग सगळ्यांनीच पट्टा घेतला आणि खेळ बसला.

मंडळी, नुसते गुण कापून भागत नाही. पट्ट्याची लोखंडी मूठ कोपराजवळपर्यंत हात झाकते. हात वाचतो, पण मनगट जखडतं. वार खांद्यातून, फिरवूनच करायचा. त्याला चहूकडे मोकळी जागा हवी. चौघांनी घेरलं तर पट्टेकरी भारी. पण गडाच्या दिंडी दरवाजातून वाकून शिरताना पट्टा भिंतीला अडतो, तिथे कट्यार काम करते. उघड्या माळावर भाला आधी पोचतो. वाघनखांना तर मिठीइतकं जवळ जावं लागतं. मुठीत दडतात, हाच त्यांचा गुण. २०२४ साली दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, म्हणून काही फासा त्याच्या बाजूने पडत नाही!

भाच्याने पट्ट्याचे १० गुण तसेच ठेवले, शेजारी लिहिलं : "जागा – चारी बाजूंनी चार हात." पुढच्या डावात भुयारात तोच पट्टा घेऊन अडकला आणि पहिला मेला. डाव मात्र रात्री दोनपर्यंत चालला.