हवा किती मारू?

जळगाव जामोदला एप्रिलच्या दुपारी पंक्चरच्या दुकानापुढे गाडी उभी केली की हा प्रश्न येतो, आणि शेजारी बसलेला कुणीतरी परस्पर उत्तर देतो, "ऊन लय आहे भाऊ, चार कमीच ठेव." हवा तापली की फुगते आणि टायर फुटतो, असा हा हिशेब. त्यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा उलटा.

सकाळी 25 अंशाला 33 पीएसआय भरलेला टायर दुपारी धावून आतून 55 अंशांपर्यंत तापला, तर मीटरवर 38 च्या आसपास दिसेल. ही वाढ कंपनीने धरलेलीच असते, कारण तिने सांगितलेला आकडा थंड टायरचा असतो. तुम्ही घाबरून हवा 33 वर आणलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती 29 भरते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने जास्त दुमडतो, दुमडून तापतो आणि आतले थर सुटू लागतात. उन्हाळ्यात टायर फुटण्याला बरेचदा हेच कारण असतं. अर्थात प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारण्याचीही घाई नको. 1 जुलै 2023 रोजी आपल्याच जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून 25 जण गेले, तेव्हा चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालाने मात्र ते मानलं नाही.

दुसरा समज जास्त चिवट आहे: हवा कमी म्हणजे टायर जास्त टेकतो, म्हणजे पकड जास्त. मला वाटतं, हा समज शेतातून आलाय. काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत हवा कमीच ठेवतात आणि ते बरोबरही आहे. मऊ जमिनीत रुंद टेकलेलं चाक रुतत नाही. डांबरावर हा नियम चालत नाही. कमी हवेच्या टायरचा मधला पट्टा किंचित वर उचलला जातो आणि भार दोन्ही कडांवर येतो.

गावाच्या उत्तरेला सातपुड्यातून बुऱ्हाणपूरकडे जाताना याची प्रचिती येते. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. तिथे हवा कमी असेल, तर टायरची बाजू लवते आणि रिम एका दिशेला, रबर दुसऱ्या दिशेला अशी ओढाताण होते. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळते. हवा पुढच्या चाकांत कमी असेल, तर गाडी वळणाबाहेर सरळ पळू पाहते. मागच्या चाकांत कमी असेल, तर शेपूट बाहेर फेकलं जातं, आणि ते सावरणं जास्त अवघड. म्हणून 'स्टिअरिंग पुढच्या चाकांना, तर मागची थोडी मऊ असली तरी चालतं' हे मनातून काढून टाका. उलट टोकाला, हवा ठासून भरली तर टायर मध्येच टेकतो आणि खड्ड्याखड्ड्यांत उड्या मारतो. उडालेल्या चाकाला पकड कसली?

पावसाळ्यासाठी हवा कमी करणारेही आहेत. नासाच्या संशोधकांनी 1963 मध्ये मांडलेलं सूत्र बघा. विमानाच्या टायरांवरच्या प्रयोगांतून निघालेलं ते सूत्र सांगतं, की साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. त्या हिशेबाने 33 पीएसआयला हा वेग ताशी साधारण 96 किलोमीटर येतो, 22 ला 78. टायरची नक्षी आणि पाण्याची खोली यांनुसार मोटारीचे आकडे बदलतील, दिशा तीच राहील.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. तापल्यावर त्याचा दाब वाढत नाही हे खोटं. तो जरा सावकाश झिरपतो आणि कोरडा असतो, इतकंच. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते.

भरायचा आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तिथे बहुधा दोन ओळी असतात, एक एरवीची आणि एक पूर्ण भाराची. शेगावला दर्शनाला पाच जण आणि सामान घेऊन निघणार असाल, तर दुसरी ओळ बघा. मागच्या चाकांचा आकडा बरेचदा तिथेच वाढलेला असतो. आणि निघण्याआधी, सकाळी, चाकं गार असताना हवा मोजा.