जवळचं गोडाऊन महाग पडतं तेव्हा

आधी एक हिशेब करू. एका व्यापाऱ्याची दोन गोडाऊनं आहेत, एक भांडुपला आणि एक भिवंडीला. दुकानंही दोन, मुलुंड आणि अंधेरी. टेम्पोच्या एका फेरीचं भाडं सोयीसाठी असं धरू: भांडुप ते मुलुंड ४०० रुपये, भांडुप ते अंधेरी ६००, भिवंडी ते मुलुंड ९०० आणि भिवंडी ते अंधेरी १,६००. प्रत्येक गोडाऊनमध्ये दहा फेऱ्यांचा माल आहे आणि प्रत्येक दुकानाला दहा फेऱ्यांचाच हवा आहे. मुलुंडचा माल कुठून पाठवाल?

भांडुपहून, असंच कुणीही म्हणेल. मध्ये फक्त नाहूर. चार हजारांत मुलुंडचं काम होतं. पण मग अंधेरीला भिवंडीहून पाठवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तिथे सोळा हजार जातात. एकूण २०,०००.

आता उलट करा. भांडुपचा माल जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीला, ६,०००. भिवंडीचा माल मुलुंडला, ९,०००. एकूण १५,०००. भांडुपचं गोडाऊन मुलुंडच्या उशाशी, तरी त्यातला एक खोकाही मुलुंडला जात नाही, आणि पाच हजार वाचतात!

ऑपरेशन्स रिसर्चमध्ये याला ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम म्हणतात. माल कुठे किती आहे, कुठे किती हवा आहे आणि कुठून कुठे न्यायला काय पडतं, एवढंच माहीत असतं. कमीत कमी खर्चाची वाटणी शोधायची.

जास्त पाठवा, कमी भरा

याच भाड्यांवर आणखी एक गंमत बघा. भांडुप आणि मुलुंड दहा फेऱ्यांवरच ठेवा. भिवंडीचा साठा आणि अंधेरीची मागणी मात्र वीस-वीस करा. सर्वांत स्वस्त वाटणी अशी: भांडुपच्या दहा फेऱ्या अंधेरीला (६,०००), भिवंडीच्या दहा मुलुंडला (९,०००) आणि भिवंडीच्या उरलेल्या दहा अंधेरीला (१६,०००). तीस फेऱ्या, ३१,००० रुपये. यापेक्षा खाली जाताच येत नाही.

आता मुलुंडच्या दुकानाची मागणी वाढून वीस झाली आणि व्यापाऱ्याने तेवढाच जादा माल भांडुपला ठेवला. फेऱ्या झाल्या चाळीस. भांडुपचा सगळा माल अंधेरीला, १२,०००. भिवंडीचा सगळा मुलुंडला, १८,०००. एकूण ३०,०००. दहा फेऱ्या वाढल्या आणि भाड्याचं बिल हजाराने उतरलं. जादा मालामुळे भिवंडी-अंधेरी ही सर्वांत महागडी वाट बंदच झाली, म्हणून हे घडलं. अमेरिकन गणितज्ञ चार्न्स आणि क्लिंगमन यांनी १९७१ मध्ये या विरोधाभासावर लिहिलं. या विषयातला मला सर्वांत आवडणारा निकाल हाच. पाठ्यपुस्तकांत तो मागच्या पानांवर असतो. खरं तर त्याने धडा सुरू करायला हवा.

वायव्य कोपरा

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या कॉलेजांत बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला ऑपरेशन्स रिसर्च असतं. तिथे पहिली रीत शिकवतात ती नॉर्थ-वेस्ट कॉर्नरची. तक्त्याच्या डावीकडच्या वरच्या चौकोनापासून सुरुवात करायची आणि माल भरत भरत खाली उजवीकडे उतरायचं. भाडं किती, हे बघायचंच नाही. मुंबईच्या नकाशावर हा कोपरा बोरिवली-दहिसरकडे येतो. बोरिवलीपासून सुरू करून वाटेत जे भेटेल त्याला माल देत सुटावं, तशी ही रीत. उत्तर बहुधा महाग निघतं, पण पुढे सुधारायला काहीतरी हातात येतं.

व्होगेलची रीत जास्त हुशार आहे. राइनफेल्ड आणि व्होगेल यांच्या १९५८ च्या पुस्तकामुळे ती रूढ झाली. सर्वांत स्वस्त वाट कुठली, हे ती आधी विचारत नाही. ती विचारते, ‘स्वस्त वाट हुकली तर कुणाचं नुकसान जास्त?’ आपल्या उदाहरणात मुलुंडची स्वस्त वाट हुकली तर फेरीमागे ५०० रुपये जादा पडतात, अंधेरीची हुकली तर १,०००. म्हणून भांडुपच्या मालावर पहिला हक्क अंधेरीचा. उत्तर एका फटक्यात मिळालं. दरवेळी इतकं अचूक जमत नाही, पण ही रीत बहुधा जवळपास पोचवते.

अर्धा टेम्पो पाठवा, असंही हे गणित कधी सांगत नाही. साठे आणि मागण्या पूर्ण आकड्यांत असतील, तर सर्वांत स्वस्त वाटणीही पूर्ण आकड्यांत मिळतेच.

मीठ, सिमेंट आणि रिकामी जहाजं

प्रश्न जुना आहे. फ्रान्सचा गणितज्ञ गास्पार मोंज १७८१ मध्ये विचारत होता, की खणलेली माती भरावाच्या जागी कमीत कमी कष्टांत कशी न्यायची? मेट्रोच्या भुयारातली माती कुठे टाकायची, हा आजचा प्रश्न त्याच जातीचा.

सोव्हिएत रशियात टॉल्स्टॉय नावाच्या अभ्यासकाने (कादंबरीकार नव्हे, हे ए. एन. टॉल्स्टॉय) १९३० मध्ये रेल्वेवरून मीठ, सिमेंट वगैरे माल कसा न्यावा याचा तक्ता मांडला. भांडुप-कांजूरच्या मिठागरांशेजारी राहणाऱ्यांना त्यातल्या मिठाचं अप्रूप वाटायला हरकत नाही. एका उदाहरणात माल निघायची ठिकाणं १० होती आणि पोचायची ६८. म्हणजे ६८० शक्य वाटा. पण स्वस्तातल्या स्वस्त वाटणीला त्यातल्या फार तर ७७ पुरतात. सूत्र सोपं आहे: दोन्हीकडच्या ठिकाणांची बेरीज, उणे एक. बाकीच्या ६०३ वाटांवर एकही डबा पाठवायची गरज नाही.

१९४१ मध्ये अमेरिकेत गणितज्ञ हिचकॉकने प्रश्नाला नेटकं गणिती रूप दिलं. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनमध्ये अर्थतज्ज्ञ त्यालिंग कोपमान्स जहाजांच्या हिशेबात गुंतले होते. त्यांनी बोट ठेवलं ते परतीच्या रिकाम्या जहाजांवर. टेम्पोवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्याचं भाडं ठरतं तेच मुळी परतीचा माल मिळणार की गाडी रिकामी येणार यावर. कोपमान्स आणि सोव्हिएत गणितज्ञ कांतोरोविच यांना १९७५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अशी गणितं सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत देणारा जॉर्ज डँट्झिग मात्र वगळला गेला. तो अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

भिवंडीतच गोडाऊनं का?

तक्त्यातला भाड्याचा आकडा किलोमीटरवर ठरत नाही. डिझेल, हमाली, टोल, ट्रॅफिकमध्ये गेलेले तास, सगळं त्यात मिसळतं. मुंबईत वर्षानुवर्षं त्यात जकातही होती. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या. मुंबईच्या हद्दीत माल आला की जकात भरा. मग माल हद्दीबाहेर भिवंडीत ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत आणायचा, असा सरळ हिशेब व्यापाऱ्यांनी केला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. नाक्यावरचा आकडा शून्य झाला तरी भिवंडीची गोडाऊनं हलली नाहीत, कारण स्वस्त मोकळी जागा तिथेच होती.

डबा आणि पाणी

या विषयावर बोलताना डबेवाल्यांचं नाव निघतंच. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही सेवा. सकाळी अंधेरी-बोरिवलीच्या घरांतून डबे निघतात, स्टेशनवर त्यांची वर्गवारी होते, लोकलच्या लगेज डब्यातून प्रवास, दादर किंवा चर्चगेटला पुन्हा वर्गवारी आणि जेवणाच्या सुट्टीआधी डबा टेबलावर. झाकणावरच्या रंगीत अक्षर-आकड्यांत उतरायचं स्टेशन, पोचवणारा माणूस, इमारत, मजला, सगळं असतं. मधल्या ठिकाणी माल उतरवून पुन्हा पाठवण्याचं गणित अ‍ॅलेक्स ऑर्डन यांनी १९५६ मध्ये मांडलं. मावळ-जुन्नरची माणसं दादरच्या फलाटावर ते कितीतरी आधीपासून जगत होती. १८९० चाच एक योगायोग असा, की माणसांना कामं वाटून देण्याच्या प्रश्नावरचं याकोबी या गणितज्ञाचं उत्तर त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर, लॅटिनमध्ये छापलं गेलं. ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही आणि १९५५ मध्ये हॅरल्ड कुन यांनी ‘हंगेरियन पद्धत’ म्हणून तशीच रीत नव्याने दिली.

पण एक फरक पाहायलाच हवा. ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेमला सगळा माल सारखा लागतो, कुठलंही पोतं कुठेही चालतं. डब्याचं तसं नाही. घाटकोपरच्या घरची मेथीची भाजी त्याच घरच्या माणसापुढे उघडली पाहिजे. डबेवाल्यांचं काम पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा अवघड आहे, ते इथे.

पुस्तकात शोभणारं खरं उदाहरण आपल्या नळाला येतं. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा, हे सात उगम. दिवसाला साधारण ३,८५० दशलक्ष लिटर. त्यातलं बरंचसं भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून पुढे ठिकठिकाणच्या जलाशयांत जातं. इथे वैतरणेचं पाणी आणि भातसाचं पाणी एकच. खर्च मात्र वेगळा: तानसा-वैतरणेचं पाणी उतारावरून आपसूक वाहत येतं, भातसाचं पिसे इथे पंपाने उचलावं लागतं. उतार फुकट, वीज विकत.

पवईचा विद्यार्थी

अशी गणितं लाखो वाटांची झाली की कागद-पेन्सिल थांबते. डँट्झिगची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या आकृतीच्या कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. व्यवहारात ती झपाट्याने चालते, पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी तिला प्रत्येक कोपऱ्यावर फिरवणारं उदाहरण रचून दाखवलं. पर्याय आणला तो आपल्या माणसाने. नरेंद्र करमरकर, ग्वाल्हेरचा जन्म, पवईच्या आयआयटीतून १९७८ चे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये असताना १९८४ मध्ये त्यांनी कडेकडेने न जाता आकृतीच्या पोटातून उत्तराकडे जाणारी पद्धत काढली. नोव्हेंबरमध्ये ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होती. कंपनीने या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा गणिताचं पेटंट असतं का यावर बराच वाद झाला. तिच्यावर बेतलेली ‘कोर्बेक्स’ नावाची यंत्रणा ८९ लाख डॉलरना विकायला आली आणि अमेरिकी हवाई दलाच्या माल-वाहतूक विभागाने ती घेतली. कुठल्या तळावरून कुठल्या तळावर कुठलं विमान पाठवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. आजही मोठी सॉफ्टवेअरं सिम्प्लेक्स आणि ही आतली वाट, दोन्ही जवळ बाळगतात आणि गणित बघून निवड करतात.