वर्तनोपचाराचा दर कसा ठरावा?



वरूडच्या माणसाला सौद्याचे प्रकार शिकवावे लागत नाहीत. झाडावरची संत्री पाहून अख्खी बाग उक्ती द्यावी, हा एक प्रकार. फळ तोडून, मोजून द्यावे, हा दुसरा. भाव दोन्हीकडे असतो. पण तो कशावर बसवला, यावर नफा-नुकसान ठरते. सरकारी आरोग्य विम्याचेही तसेच आहे.

समजा, तुमच्या गावात पाच वर्षांचा एक मुलगा आहे. हाक मारली तर वळत नाही, बोलत नाही. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली आणि वर्तनोपचार सुचवला. हा उपचार म्हणजे गोळी नव्हे की सुई नव्हे. शिकलेला उपचारक मुलाजवळ बसतो, हात धुण्यासारखे एक काम लहान लहान पायऱ्यांत पाडतो आणि पायरी जमली की शाबासकी देतो. अशा बैठका महिनोन्‌महिने चालतात. मध्येच सोडल्या तर शिकलेलेही हातचे जाऊ शकते.

आता मुलाचा बाप विचारतो, "गुरुजी, पोट्टं भरती करत नाही म्हन्ते, मंग ह्या कार्डाचा काय उपेग?"

प्रश्न रास्त आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 साली प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला अमरावती जिल्हा होता. 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. केंद्राची आयुष्मान भारत योजना 2018 ची. या योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांचे पैसे देतात, तेही पॅकेजने, म्हणजे उक्ते. मानसिक आजारांची पॅकेजे त्यांत आहेत, पण हिशेब खाटेचा. आपल्या मुलाला खाट नको, बैठक हवी.

मग कायदा काही म्हणत नाही काय? म्हणतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, अंमल मे 2018 पासून. शरीराच्या आजाराला ज्या आधारावर विमा, त्याच आधारावर मनाच्या आजारालाही, असे त्याच्या 21 व्या कलमात आहे. पण शरीराच्या आजारालाही भरतीपुरताच विमा असेल, तर मनाच्या आजारालाही तेवढाच मिळणार. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण असून, त्यातला ठरावीक भाग थेरपीसाठी आहे. पैसे आधी आपण भरायचे, मग बिले दाखवून परत घ्यायचे.

इथे दराचा प्रश्न येतो. समजा, विमा एका बैठकीचे 200 रुपये देतो आणि उपचारक 500 घेतो. उरलेले 300 बापाच्या खिशातून. आठवड्याला दोन बैठका धरल्या तर महिन्याला 2400 रुपये. वरूडहून अमरावती नव्वदेक किलोमीटर, एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी वेगळीच. दर फार कमी ठेवला, तर उपचारक शहर सोडून तालुक्याला येणार नाही.

मग दर भरपूर वाढवावा, असे कोणी म्हणेल. तेही सरळ नाही. अमेरिकेत गरिबांच्या सरकारी विम्यातून या उपचाराचे पैसे पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने मिळतात, आणि दर प्रत्येक राज्य ठरवते. काही राज्यांत खर्च भराभर वाढला; तपासणीत कागदपत्रांशिवाय पैसे दिल्याचेही आढळले. नेब्रास्का राज्याने 2025 मध्ये दर एकदम खाली आणले. तेव्हा आईबापांना धास्ती पडली, की आता उपचारक टिकणार कसे? म्हणून दराची फेरतपासणी वेळच्या वेळी व्हावी. तीत उपचारकाचा वेळ, त्याचे शिक्षण, नोंदी लिहिण्याचे श्रम आणि खेड्यापर्यंतचा प्रवास धरावा. आणि मुलाला काय जमू लागले, तेही पाहावे.

तुम्ही म्हणाल, दर ठरवणारे मुंबई-दिल्लीला, आम्ही वरूडला काय करणार? एक वही करा. तारीख, बैठक किती वेळ चालली, फी किती, भाडे किती, मुलाने नवे काय केले, एवढे लिहा. पावती जपून ठेवा. 'निरामय'ला तीच लागते. गुरुजींनो, ज्या आईला लिहिता येत नाही, तिची वही तुम्ही लिहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले, की असे मूल त्यांना आवर्जून दाखवा. घरातल्या मोठ्या माणसाचे मन खचले असेल, तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फुकट बोलता येते.

दहा गावांच्या अशा वह्या एकत्र झाल्या आणि आमदारांपुढे, जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडल्या, तर खाटेच्या हिशेबात हे मूल कुठे बसत नाही, ते आकड्यांनिशी दाखवता येईल. फळ मोजल्याशिवाय आपण भाव मान्य करीत नाही. मग लेकराच्या उपचाराची मोजणी तरी दुसऱ्यावर का सोडावी?