एदगार देगा यांची पेस्टल चित्रे : द्रव्य, तंत्र आणि जतन

प्रस्तावना :
फ्रेंच चित्रकार एदगार देगा (१८३४-१९१७) यांच्या नर्तिका व स्नानमग्न स्त्रियांच्या चित्रांची चर्चा प्रामुख्याने विषय व रचना यांच्या अंगाने होते. ही चित्रे ज्या द्रव्यांतून घडली, त्यांचा विचार मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात या द्रव्यांच्या तांत्रिक अभ्यासाचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

माध्यमाचे स्वरूप :
पेस्टलची कांडी रंगद्रव्य, खडूसारखा पांढरा भराव आणि अत्यल्प डिंक यांपासून बनते. बंधक कमी असल्यामुळे सुट्या कणांवरून प्रकाश विखुरतो व रंगाला मखमली तजेला येतो. परंतु याच कारणामुळे रंग कागदाला घट्ट धरून राहत नाही. स्थिरक फवारल्यास कण बांधले जातात, मात्र रंग गडद होऊन तजेला उणावतो. देगा यांनी ही अडचणच तंत्रात रूपांतरित केली. एक थर स्थिर करून त्यावर दुसरा थर देत त्यांनी रंगांची दाट वीण साधली. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील 'आफ्टर द बाथ, वुमन ड्राइंग हरसेल्फ' (सुमारे १८९०-९५) हे चित्र तर कागदाचे अनेक तुकडे जोडून केलेले आहे. म्हणजे काम चालू असतानाच चित्राची चौकट वाढविली जात होती.

अभ्यासाच्या पद्धती :
सुटी भुकटी असल्याने नमुना काढणे धोक्याचे ठरते. म्हणून स्पर्शविरहित पद्धतींना प्राधान्य मिळते. तिरकस प्रकाशात थरांची जाडी दिसते, अवरक्त किरणांत खालचे कोळशाचे रेखाटन उमटते. क्ष-किरण प्रतिदीप्तीने पारा आढळल्यास हिंगुळाचा, तर कोबाल्ट आढळल्यास कोबाल्टयुक्त निळ्याचा अंदाज बांधता येतो. सेंद्रिय रंग मात्र या पद्धतीने सहसा ओळखता येत नाहीत. त्यांसाठी रामन वर्णपटमितीसारख्या पद्धतींची जोड द्यावी लागते.

निष्कर्ष :
हा सेंद्रिय रंगांचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. १८७० च्या दशकात बाजारात आलेल्या इओसिनपासून केलेले गुलाबी-तांबडे रंग प्रकाशात विटतात, आणि विटलेला रंग परत येत नाही. जेथे असे रंग वापरले गेले, तेथे आज दिसणारी फिकट छटा चित्रकाराची निवड मानून केलेले रसग्रहण मुळातच चुकू शकते. म्हणून मंद प्रकाश, धक्क्यांपासून संरक्षण आणि मर्यादित काळाचे प्रदर्शन यांबाबतचे निर्णय द्रव्यपरीक्षणावर आधारलेले असावेत. कलासमीक्षा व रसायनशास्त्र यांनी येथे परस्परांचे साहाय्य घेणे अपरिहार्य ठरते.