फलकावर नाव नसलेले झीलकरी

जयंतीच्या फलकावर गायकाचे नाव ठळक अक्षरांत असते. त्याच्या मागे बसून धृपद उचलणाऱ्या झीलकऱ्यांचे नाव कुठेच नसते. भीमगीत मात्र रचले जाते ते त्यांनाच धरून.

शाहीर कडवे एकटा म्हणतो. कडव्याची शेवटची ओळ धृपदावर आली की झीलकरी ती झेलतात. तेवढ्यात शाहिराला दम खाता येतो, ढोलकीवाला ठेका बदलतो आणि श्रोत्यांना मुद्दा पुन्हा ऐकू येतो. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तीन-चार आवर्तनांत धृपद पाठ व्हायचे. चळवळ वाड्यावस्त्यांवर पोचली ती अशी. युरोपात ‘चेंबर क्वायर’ म्हणून छोटे गायकगट असतात. ते एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावून आवाजांची रचना करतात. आपल्याकडे सगळे एकच चाल गातात. एकमेकांचे ऐकत गाणे मात्र दोन्हीकडे सारखेच.

सत्यशोधक जलशातून पुढे आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचे नाव त्यात अग्रभागी. तमाशाचा साचा घेतला, पण वगात शिक्षण, सावकारी आणि अस्पृश्यता आणली. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर गाण्यांत बुद्ध आले. वामनदादा कर्डक (1922–2004) यांनी हजारो गीते लिहिली. मुंबईच्या चाळींत कव्वालीचे सामने रंगले. एका पार्टीने सवाल टाकायचा, दुसरीने जवाब द्यायचा. जात्यावर बायांनी बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. त्यांना तर ना पेटी, ना मंच. विहारातली वंदनाही समूहानेच म्हणायची असते. हे सगळे एकाच समाजाचे गाणे आहे, आणि त्यातले बरेचसे एकट्याने गाण्याचे नाही.

अलिबागकरांना विषय शोधायला लांब जायला नको. महाडचा 1927 चा सत्याग्रह आपल्याच जिल्ह्यातला. चरीचा शेतकरी संप तर आपल्या तालुक्यातला. 1934 मध्ये बाबासाहेब तिथल्या शेतकरी परिषदेला आले होते. चवदार तळ्यावर गाणी उदंड आहेत, चरीवरचे गाणे मात्र क्वचितच कानी पडते. एखाद्या गायन पार्टीने हे मनावर घ्यावे.

आता खरी अडचण. जुन्या गीतपुस्तिकांत गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या चित्रपटगीताची ओळ छापलेली असते. ते चित्रपटगीत विस्मरणात गेले की शब्द हातात राहतात आणि गाणे हरवते. ज्यांनी स्वतःची चाल बांधली, त्यांच्या वहीत तर तेवढीही खूण नसते. ती चाल फक्त झीलकऱ्यांच्या गळ्यात असते, आणि ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. मिरवणुकीत डीजे आला तेव्हापासून त्यांना कोणी बोलावतही नाही. डीजेवर गाणे वाजते. ते उचलायला कोणी लागत नाही.

वर्षावासाचे तीन महिने यासाठी सोयीचे आहेत. ग्रंथवाचनाला विहारात माणसे जमतातच. वाचन संपल्यावर अर्धा तास एका जुन्या झीलकऱ्याला द्या. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, पण गायकाचे एकट्याचे नको. धृपद आणि ढोलकीचा ठेकाही त्यात यायला हवा. वहीत शब्दांबरोबर चाल कोणाची, गाणे कुठल्या गावात म्हणत, झील कोणी धरली, हे लिहा. मग तेच धृपद तिथे बसलेल्या मुलामुलींकडून म्हणून घ्या, त्या झीलकऱ्याच्या समोरच. चुकले तर तो लगेच थांबवील.