द्वि-मँगनीज आणि खानदेशचा काळा दगड

पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याकडे आम्ही नातवास घेऊन सायंकाळीं फिरावयास जातों. परवां त्यानें बुरुजाच्या काळ्या दगडावर हात ठेवून विचारलें, "आजोबा, किल्ला १७२७ सालचा, पण हा दगड कितव्या सालचा?" जन्मभर मुलांना प्रश्न विचारीत आलेल्या आम्हांस उत्तर देतां येईना. तें शोधीत असतां ऱ्हेनियम नांवाच्या एका दुर्मिळ धातूची ओळख झाली, आणि त्याच्या कथेच्या आरंभींच आमची गीर्वाणवाणी भेटली!

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव्ह यांनीं १८६९ सालीं मूलद्रव्यांचें कोष्टक मांडलें. त्यांतील कांहीं घरें रिकामीं राहिलीं. तेथील अज्ञात द्रव्यांस नांवें देतांना त्यांनीं संस्कृतांतील संख्यावाचक शब्द योजिले. त्याच रीतीनें मँगनीजच्या खालच्या रिकाम्या घरांस 'एक-मँगनीज' व 'द्वि-मँगनीज' म्हणूं लागले. हें वाचून आमची छाती फुगली, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु नांव ठेवणें निराळें व वस्तु हातीं येणें निराळें. १९०८ मध्यें जपानच्या मासाताका ओगावा यांस सिंहलद्वीपांतील एका खनिजांत नवें मूलद्रव्य आढळलें. पण त्यांनीं तें चुकीच्या घरांत बसविलें. तें द्वि-मँगनीजच असावें, असें पुढें त्यांच्या टिपणांवरून दिसून आलें. १९२५ सालीं जर्मनींत वाल्टर नोडॅक, इडा टाके व ओटो बर्ग यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें तें ओळखलें आणि ऱ्हाइन नदीवरून त्यास ऱ्हेनियम हें नांव दिलें. १९२८ मध्यें ६६० किलो मॉलिब्डेनाइट खनिज शोधून हातीं आला तो अवघा १ ग्रॅम!

हा रुपेरी धातु पाण्याच्या २१ पट जड आहे. सुमारे ३,१८० अंश सेल्सिअसपर्यंत तो वितळत नाहीं. धातूंमध्यें या बाबतींत टंगस्टन तेवढा त्याच्या पुढें आहे. म्हणून जेट विमानाच्या इंजिनांतील तप्त पात्यांच्या निकेल-मिश्रधातूंत तो शेंकडा ३ ते ६ घालतात. प्लॅटिनमच्या जोडीनें तो उत्तम प्रतीचें पेट्रोल तयार करण्याच्या कामीं उत्प्रेरक म्हणून येतो.

आतां नातवाच्या प्रश्नाकडे वळूं. निसर्गांतील ऱ्हेनियमचा एक प्रकार, ऱ्हेनियम-१८७, अत्यंत मंद गतीनें ऑस्मियम धातूंत पालटत असतो. निम्मा पालटण्यास सुमारे ४,१०० कोटी वर्षें लागतात. लाव्हा थिजून खडक झाला कीं हें घड्याळ चालू होतें. ज्या खडकांत ऱ्हेनियम अधिक, त्यांत नवें ऑस्मियमही अधिक सांठतें. तें मोजलें म्हणजे वय निघतें. १९९९ सालीं फ्रान्सच्या क्लोद आलेग्र व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दख्खनच्या काळ्या दगडाचें वय याच रीतीनें सुमारे ६ कोटी ५६ लक्ष वर्षें ठरविलें. आमचा खानदेशही त्याच लाव्ह्याचा.

घरीं हें सांगतांच नातू म्हणाला, "म्हणजे आपल्या पूर्वजांना हें ठाऊकच होतें ना?"

मोह पडला, पण शिक्षकानें खोटें उत्तर देऊं नये. आम्ही म्हणालों, "नाहीं रे बाळ. शब्द आपले होते. दगड आपला होता. मोजण्याचे कष्ट मात्र दुसऱ्यांनीं घेतले."

तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग पुढचा दगड मी मोजीन." वाचकहो, आमच्या फुगलेल्या छातीहून हें वाक्य आम्हांस अधिक मोलाचें वाटलें.