तेल, ई जीवनसत्त्व आणि तांबडी रक्तपेशी

उघड्या भांड्यात पुष्कळ दिवस राहिलेले तेल खवट होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. हवेतील प्राणवायूचा तेलातील मेदाम्लांशी संयोग होतो, त्याचा हा परिणाम होय. याच जातीची क्रिया आपल्या रक्तातही घडू शकते.

तांबड्या रक्तपेशीचे आवरण मुख्यत्वे मेदद्रव्ये व प्रथिने यांचे बनलेले असते. पक्व पेशीत केंद्रक नसल्याने तिला नवी प्रथिने घडविता येत नाहीत, की मेदाम्लेही निर्माण करता येत नाहीत. आवरणातील मेदाची रक्तद्रवातील मेदाशी मात्र देवघेव चालू असते. म्हणून सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात आपल्या आहारातील स्निग्ध पदार्थांची छाप तिच्यावर उमटते.

तूप व खोबरेल यांतील बहुतेक मेदाम्ले संतृप्त असतात. प्राणवायूचा त्यांवर सहसा परिणाम होत नाही. करडई किंवा मका यांच्या तेलांत बहु-असंतृप्त मेदाम्ले विपुल असतात, व ती लवकर ऑक्सिडीकृत होतात. एका रेणूपासून शेजारच्या रेणूस जणू लागण होत जाते. आवरण दुबळे होऊन अखेर पेशी फुटते. ही साखळी तोडण्याचे कार्य ई जीवनसत्त्व करते.

या संरक्षणाचे मोल तान्ह्या बालकांच्या बाबतीत स्पष्ट झाले. अकाली जन्मलेल्या बालकाच्या शरीरात ई जीवनसत्त्वाचा साठा अल्प असतो. अशा काही बालकांना जन्मानंतर काही आठवड्यांनी पांडुरोग होई. ई जीवनसत्त्वाच्या अभावी त्यांच्या रक्तपेशी फुटतात, असे अमेरिकेतील ऑस्की व बार्नेस या बालरोगतज्ज्ञांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. बहु-असंतृप्त मेद व लोह हे दोन्ही विपुल असलेल्या कृत्रिम दुधाने हा विकार बळावतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. रक्तवृद्धीसाठी दिलेले लोहच ऑक्सिडीकरणास चालना देत होते!

आता बालकांच्या कृत्रिम दुधात अशा मेदाच्या प्रमाणात ई जीवनसत्त्व घालण्यात येते. यावरून वनस्पतिज तेले अपायकारक आहेत, असा समज करून घेऊ नये. ती शरीरास आवश्यक मेदाम्ले पुरवितात, आणि करडई व सूर्यफूल यांच्या बियांत तेलाबरोबरच ई जीवनसत्त्वही असते. मेद वाढला, तर त्याचा रक्षकही त्या प्रमाणात वाढला पाहिजे, एवढाच याचा बोध.